ज्युनिपरची दर्शनी बाजू

दिवा असू दे तसाच, बारीक करू नका. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हे मी कुणाला सांगत नाही. आणि सुरुवातीला तर सांगण्यासारखं काही नव्हतंच. मी माझ्या मनगटी घड्याळाचा सेल बदलायला गेले होते, एवढंच.

तेव्हा मी नुकतीच परत आले होते. लांब राहून, एका म्हाताऱ्या गुरूंच्या हाताखाली बोन्साय शिकून आले होते, आणि डोक्यात नुसतं वारं भरलेलं होतं. कुंडीतलं झाड म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली शोभा नव्हे. घराघरात असं एक झाड हवं, त्याच्यासमोर माणसानं रोज थोडा वेळ गप्प बसावं, मग माणसं एकमेकांशी जरा बरी वागतील, असं मला अगदी मनापासून वाटायचं. हे मी भेटेल त्याला ऐकवायचे. दाताच्या डॉक्टरांना तर तोंडात कापूस असतानाही ऐकवलं होतं. मामाच्या घरामागच्या पडवीत मी माझं काम थाटलं होतं. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "पोरगी एवढी शिकून आली, आता झाडांचे केस कापते." मी चिडायचे आणि मग त्यालाच भाषण द्यायचे.

तर घड्याळाचं दुकान. काउंटरमागे चाळिशीची एक बाई होती. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, सगळी चालू. माझ्या घड्याळाचं झाकण उघडता उघडता तिनं माझ्या नखांकडे पाहिलं. नखांत माती होती.

"तुम्हीच ना त्या झाडवाल्या?"

मी हो म्हटलं.

"वर एक झाड आहे. माझ्या आईचं. ती गेली, झाड अर्धवट राहिलं." तिनं सेल बसवला, झाकण दाबलं. "बाबा दिवसभर त्याच्यासमोर बसून असतात. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. हे दुकान त्यांचं, हातातली कला त्यांची, आणि आता खाली पाऊल टाकत नाहीत. जेवायला हाक मारली तर म्हणतात, झाड पुरं झालं की उठतो. तुम्ही ते एकदाचं पुरं करून टाका, म्हणजे माझा बाप मला परत मिळेल."

"अहो, पण झाड असं कधी पुरं होत नसतं," मी सुरू झाले. "ते म्हणजे एक न संपणारं..."

"हे बाबांसमोर बोलू नका म्हणजे झालं," ती म्हणाली आणि दुकानाचं अर्धं शटर ओढून मला वर घेऊन गेली.

वर एक उघडी गॅलरी होती. खालच्या घड्याळांची टिकटिक फरशीतून येत होती, तळपायांना कळेल इतपतच. मध्ये एक टेबल, टेबलाच्या दोन बाजूंना वेताच्या दोन खुर्च्या, आणि टेबलावर ते झाड, खवल्यांसारख्या बारीक पानांचं ज्युनिपर.

मी दारातच थांबले. इतकं चांगलं झाड मला इथं अपेक्षितच नव्हतं. पीळ पडलेलं खोड, त्याच्या एका अंगाला साल सोलून पांढरं केलेलं मेलेलं लाकूड, आणि त्याला चिकटून वर जाणारी जिवंत सालीची एक अरुंद पट्टी. ज्युनिपरचं तसंच असतं. एवढ्याशा पट्टीतून पाणी चढतं आणि वरचा सगळा हिरवा पसारा जगतो. त्या गेलेल्या काकूंनी हे कुणाकडून शिकून घेतलं होतं देव जाणे, पण हात पक्का होता.

एका खुर्चीत काका बसले होते. अंगात इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मिशी नीट कातरलेली. घड्याळजी माणूस, बसणंसुद्धा नेमकं.

"या माळीणबाई," ते म्हणाले. "छोटी म्हणाली, कुणीतरी मोठं शिकून आलंय म्हणून. मला वाटलं, चष्मेवाला दाढीवाला कुणी असेल."

"चष्मा घरी आहे," मी म्हटलं, "दाढीचं मात्र जमलं नाही." ते हसले. चाळिशीच्या मुलीला ते छोटी म्हणत होते, आणि ती चिडत नव्हती.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. अशा प्रत्येक झाडाला एक दर्शनी बाजू असते. घडवणारा ती आधी ठरवतो. खोडाचं वळण तिथून दिसतं, फांद्या तिथून उलगडतात, आणि शेंडा त्या बाजूला किंचित झुकलेला ठेवतात, समोरच्याला ‘या’ म्हणावं तसा. मागची बाजू मात्र दाट ठेवायची, म्हणजे झाडाला खोली येते. काका बसले होते ती बाजू मागची होती. त्यांच्यासमोर नुसती गच्च हिरवी भिंत होती.

"काका, तुम्ही पाठीमागे बसलाय. त्या खुर्चीत बसा की. तिथून बघण्यासारखं आहे."

"ती हिची खुर्ची आहे," काका म्हणाले. कुणी बसलेलं असताना सांगावं तसं.

मी त्या खुर्चीच्या बाजूला उभी राहून झाड पाहिलं. सगळं सुरेख होतं, पण शेंड्याच्या खाली, मधोमध, फांद्यांमध्ये एक मोकळी जागा होती. अलीकडे बशीएवढी रुंद, आत आत निमुळती होत गेलेली. आजूबाजूच्या डहाळ्या तारेनं बाजूला ओढून धरल्या होत्या. गुरूंनी असं झाड पाहिलं असतं तर तोंड फिरवलं असतं. झाडाच्या छातीत भोक ठेवत नाहीत. आजारी माणसाकडून राहून गेलं असणार, असं मी धरून चालले आणि कामाला बसले.

बाजूची एक जाडसर फांदी ओल्या काथ्यानं गुंडाळली, तिच्यावर तांब्याची तार चढवली आणि हळूहळू वळवत त्या पोकळीवर आणली. ज्युनिपरची फांदी वळताना वास सुटतो, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा. मला तो वास फार आवडतो.

"काय करताय?" पलीकडून आवाज आला.

"भोक बुजवतेय."

"ते हिनं ठेवलं होतं."

"राहून गेलं असेल, काका."

काकांनी शर्टाची बाही नीट केली. मग म्हणाले, "तुम्हाला जास्त कळतं."

पुढच्या आठवड्यात गेले तर पोकळी परत तशीच. फांदी मूळच्या जागी, बाजूला ओढलेली. आणि तिला धरून ठेवणारी तार माझीच होती. उलगडून, सरळ करून, पुन्हा गुंडाळलेली. हे पाहून मी आधी रागावले आणि मग जरा विचारात पडले. एकदा वळलेलं तांबं कडक होतं. ते सोडवायचं नसतं, तुकडे करून काढायचं असतं, आणि पुन्हा वापरायचं तर नसतंच, कारण ते सालीला ओरबाडतं. इथं सालीवर एक चरासुद्धा नव्हता. वेढे इतके हलके बसले होते की जणू तार लोण्याची होती.

"काका, मी बांधलेलं सोडायचं नाही हं."

"मी कशाला सोडू?"

"घड्याळजीचे हात आहेत तुमचे. दुसऱ्या कुणाला जमणार?"

"माळीणबाई," ते शांतपणे म्हणाले, "मी त्या बाजूला जात नाही."

जिन्यात मी त्यांच्या मुलीला, ताईंना, गाठलं. त्यांचा चेहरा बघून कळलं, ही बाई मला उगाच फेऱ्या मारायला लावणारी नाही. "बाबा खरंच जात नाहीत तिकडं," त्या म्हणाल्या. "झाडूसुद्धा मीच मारते. आणि मला तुमची ती तार धरतासुद्धा येत नाही. वारा असेल."

वारा तार गुंडाळत नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी पुन्हा फांदी वळवली, या वेळी जाड तारेनं, आणि टोक कुंडीच्या काठाला आवळून टाकलं. पुढच्या खेपेला पोकळी पुन्हा उघडी होती.

त्या दिवशी मी ठरवलं, एकदा त्या खुर्चीत बसूनच बघायचं. उभं राहून झाड कळत नाही, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहावं लागतं. हे मला शिकवलेलं होतं आणि मी ते इतके दिवस केलं नव्हतं, केवळ काकांच्या भिडेखातर.

"बसू का इथं?"

काका झाडापलीकडे होते. दिसत नव्हते. "विचारा," ते म्हणाले.

"कुणाला?"

मी कसनुसं हसले आणि रिकाम्या खुर्चीला म्हटलं, "काकू, बसते हं जरा."

ती बाजू दिवसभर सावलीत असते. तरी वेत ऊबदार होता. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखा.

बसल्यावर समोर झाड आलं, सुंदर, पण पोकळी माझ्या नजरेच्या रेषेत येईना. काकू माझ्यापेक्षा बुटक्या असणार. मी थोडी खाली सरकले. मग मान डावीकडे कलली... मी कलवली नव्हती, कलली. आणि त्या निमुळत्या वाटेच्या पार टोकाला, मागच्या दाट पानांतल्या बोटभर फटीतून, मला काकांचा चेहरा दिसला.

फक्त चेहरा. कपाळापासून हनुवटीपर्यंत, चारी बाजूंनी हिरव्या खवल्यांची चौकट. दाराच्या भोकातून बाहेरचा माणूस दिसावा तसा. ते झाडाकडे पाहत होते, पण बंद दाराकडे पाहतात तसे, कुठेही नजर न ठरता. त्यांना मी दिसत नव्हते. त्यांच्या बाजूनं ती फट म्हणजे पानांतली एक सावली होती, बस.

सगळं झाड एवढ्यासाठी घडवलेलं होतं. पोकळी राहून गेलेली नव्हती. बाकीचं झाड तिच्याभोवती वाढवलं होतं.

मला उठायचं होतं. पण माझ्या आत काहीतरी भरून आलं होतं आणि ते माझं नव्हतं. मी कुणासाठी इतकी झुरले नाहीये कधी. मला त्या मिशीतला पांढरा केस न् केस पाहायचा होता, त्या डोळ्यांखालची सुरकुती, कॉलरचं उघडं राहिलेलं बटण, ते बटण लावायला माझा हात... हात उचलेचना. हे असंच बघत राहावं, त्यांनी इकडे बघू नये, आणि हे कधीच संपू नये...

"काय दिसतं तिथून?" काकांनी विचारलं.

"तुम्ही," मी म्हटलं. जीभ जड झाली होती. शब्द अर्ध्या तोंडातून आला.

काकांचे डोळे विस्फारले. तो उच्चार त्यांना ओळखीचा होता.

मी धडपडत उठले. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ ओघळून हनुवटीपर्यंत आली होती आणि मला पत्ताच नव्हता.

ताईंनी मला दुकानात आणून पाणी दिलं. मी काय पाहिलं ते सांगितल्यावर त्या बराच वेळ एका बंद घड्याळाची किल्ली फिरवत राहिल्या.

"आईला झटका आला होता," त्या म्हणाल्या. "चेहऱ्याची डावी बाजू ओघळली. बोलणं गेल्यासारखंच. बाबा भरवायला गेले की तोंड फिरवायची. रुमालानं तोंड पुसायला गेले की त्यांचा हात झिडकारायची. मी पुसलेलं चालायचं, नर्सनं पुसलेलं चालायचं, त्यांनी नाही. मग एक दिवस खुणा करून करून तिनं हे झाड टेबलावर मधोमध ठेवून घेतलं. उजवा हात चांगला होता, डाव्यानं नुसतं दाबून धरायची. आम्हाला वाटलं, चला, कशात तरी जीव रमला." त्यांचा आवाज बारीक झाला. "ती लपली होती हो. आणि लपून त्यांनाच बघत होती."

मागं वळून पाहिलं तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर काका उभे होते. किती दिवसांनी इतके खाली आले होते कुणास ठाऊक. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"शेवटच्या दिवशीही तिनं चादर ओढून घेतली तोंडावर," ते म्हणाले. "छोटे, मला तिचा लग्नातला चेहरा आठवतो. तू झालीस तेव्हाचा आठवतो. शेवटचा आठवत नाही, कारण तो मला बघूच दिला नाही तिनं. माळीणबाई, माझ्या बाजूची ती मागची फांदी काढा. मला पलीकडचं दिसू दे."

"बाबा, आईला ते नको होतं."

"तिला नको होतं. मला हवं होतं ना? मला कुणी विचारलं?"

मी समजावलं. ती मागची फांदी म्हणजे झाडाची पाठ आहे, जिवंत पट्टी थेट तिच्यात जाते, ती तोडली तर पुन्हा फुटत नाही, कदाचित सगळं झाडच मरेल. काका नुसती मान हलवत होते. तेव्हा ताईंनी मला काउंटरच्या टोकाला ओढलं.

"काढा," त्या कुजबुजल्या. "एकदा आरपार बघू द्या. समोर रिकामी खुर्ची दिसेल. मग तरी उठतील."

आणि खरं सांगू? मलाही ते पटलं. नुसतं पटलं नाही, मला ते सुंदर वाटलं. दोन माणसांमध्ये भिंत झालेलं झाड उघडायचं, यापरतं माझ्या विद्येचं दुसरं काय चीज होणार होतं? मी हेच तर सगळ्यांना सांगत फिरत होते.

संध्याकाळचं ऊन गॅलरीच्या कठड्यावर होतं. मी काकांच्या खुर्चीशेजारी उभी राहिले, कटर लावला आणि दाबला.

वास आला नाही.

फांदी माझ्या हातात आली. काप कोरडा होता, आरपार तपकिरी, सरपणाच्या काडीसारखा. मी नखानं खोडाची साल खरवडली. खाली हिरवा पापुद्रा असायला हवा. तिथंही तपकिरी, तिथंही कोरडं. ज्युनिपर मेलं तरी लगेच कळू देत नाही. मुळं गेल्यावरही कितीतरी दिवस ते हिरवंगार उभं असतं आणि नवशिके त्याला पाणी घालत राहतात. हे मला माहीत होतं. पण दिवस म्हणजे किती दिवस? या झाडाला जाऊन वर्ष तरी झालं असणार. आणि खुर्चीकडच्या बाजूला, पोकळीच्या कडेकडेनं, कोवळे पोपटी शेंडे होते. याच ऋतूतले. मी आधी वळवलेल्या फांदीला तर पेन्सिलीचा वास आला होता... ती त्या बाजूची होती.

"झाड जगेल ना?" काकांनी विचारलं.

ते माझ्या उत्तरासाठी थांबलेही नाहीत. पुढे वाकून पाहू लागले.

आता झाड आरपार उघडं होतं. मी उभी होते तिथून मला पोकळीतून पलीकडची खुर्ची दिसत होती. वेताची जाळी, हात टेकून टेकून गुळगुळीत झालेला दांडा. रिकामी. ताई दारात होत्या, त्यांनाही तेच दिसत असणार. त्यांनी माझ्याकडे पाहून हळूच मान डोलावली, झालं, आता उठतील.

काका हलले नाहीत. मग त्यांचा हात कॉलरकडे गेला. वरचं उघडं बटण त्यांनी लावलं, कुणीतरी डोळ्यांनी खुणावल्यावर लावावं तसं, जरा ओशाळून.

"अगं..." ते म्हणाले. इतकंच.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी केली आणि हात त्या पोकळीतून पलीकडे घातला. हवेत, खुर्चीच्या पाठीच्या थोडं अलीकडे, रुमाल त्यांनी खालून वर अलगद फिरवला. एकदा. थांबून पुन्हा एकदा. लहान मुलाचं तोंड पुसतात तसा. हात झिडकारला गेला नाही.

हात परत आला. रुमाल त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवला. घडीच्या मधोमध ओला डाग होता.

ताईंनी तो उचलला, पाहिला. "झाडाचं पाणी असेल," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी झाडाला कुणी पाणी घातलं नव्हतं.

आणि काका उठले. खरंच उठले. जेवले, दुकानात आले, नाकावर भिंग चढवून लोकांची घड्याळं उघडू लागले. ताईंनी मला फोन करून सांगितलं तेव्हा त्या एकाच वेळी हसत आणि रडत होत्या. "माझ्या दुरुस्त्यांवर तोंडसुख घेतायत दिवसभर," त्या म्हणाल्या. "म्हणतात, सगळी मशीनं बिघडवून ठेवलीस. बोलू दे. खूप बोलू दे." मामाला मी हे सगळं सांगितलं, भुताचं तेवढं सोडून. तो म्हणाला, "बरं झालं. पण तू अशी घाबरल्यासारखी का दिसतेस?"

मला वाटत होतं, मी एक चांगलं काम केलं. रात्री डोळे मिटले की मात्र त्या खुर्चीतलं ते भरून येणं आठवायचं. जिला फक्त बघत राहायचं होतं, तिच्यासमोरून आता माणूस उठून गेला होता. उघड्या झाडापलीकडे दिवसभर एक रिकामी खुर्ची. हा विचार मी झटकून टाकायचे.

मग ताईंचा पुन्हा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. "जरा येता? तुमची हत्यारं घेऊन या."

काका गॅलरीत होते, आपल्या खुर्चीत. उजवा हात झाडातून पलीकडे गेलेला, कोपराच्याही वरपर्यंत. गाल जवळजवळ फांद्यांना टेकलेला. झाड पहिल्यापेक्षा हिरवं दिसत होतं. पोकळी त्यांच्या दंडाभोवती मिटत आली होती. मी तोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या डहाळ्या वळून जवळ आल्या होत्या, आणि त्यांवर तारेचे हलके, सुबक वेढे होते.

"सकाळपासून असेच आहेत," ताई म्हणाल्या. "म्हणे सहज नमस्कार करायला वर गेलो. मी ओढून पाहिलं. निघत नाही."

"काका, दुखतंय का?"

"नाही हो," ते म्हणाले. चेहऱ्यावर अशी तृप्ती होती की मला बघवेना. "मी उठलो ना, माळीणबाई. खाली गेलो, कामात रमलो. तिला एकटं वाटलं. चूक माझीच."

"बाबा, हात काढा. दुकान उघडायचंय," ताई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. लहान मुलीसारख्या त्यांच्या बाहीला धरून उभ्या होत्या. "तुम्ही म्हणाला होतात, मोठं घड्याळ आज लावू."

"तू लाव गं छोटे. येतं तुला."

मी कटर काढला. त्यांच्या बाजूनं फांद्या इतक्या जवळ आल्या होत्या की पातं घालायला जागा नव्हती. म्हणून मी वळसा घालून पलीकडे गेले. खुर्चीला स्पर्श न करता तिच्या कडेला गुडघे टेकले. झाडाच्या दर्शनी बाजूतून काकांचा हात बाहेर आलेला होता, मनगट, मग पंजा. शर्टाची बाही माझ्याकडे ओढल्यासारखी ताणलेली. त्या हाताला कशाचाही आधार नव्हता, तरी तो लोंबत नव्हता.

बोटं अर्धवट मिटलेली होती, पण मूठ नव्हती. आत जागा होती. दुसरा हात मावेल एवढी. बोटांची अग्रं चपटी झाली होती आणि नखं पांढरीफटक पडली होती, कुणी घट्ट, अगदी जिवाच्या आकांतानं धरल्यावर पडतात तशी.

मी कटरचं पातं पहिल्या फांदीला लावलं.

"थांबा," पलीकडून काका हळूच म्हणाले. "तिला झोप लागतेय."

माझे हात थांबले. मी पाहत राहिले. त्यांचा अंगठा हलत होता. थोपटल्यासारखा, कुरवाळल्यासारखा, सावकाश, पुढे आणि मागे. त्याच्याखाली काहीच नव्हतं, नुसती हवा, आणि खालून येणारी टिकटिक. पण अंगठा सरळ रेषेत जात नव्हता. तो जरासा चढत होता आणि जरासा उतरत होता, मग पुन्हा चढत होता, एकेका बोटाच्या उंचवट्यावरून.